बाप्पाच्या चौरंगाखालची जॅकेटं

दर रविवारी सकाळी सात वाजता दक्षिण कोलकात्यातल्या एका तळ्याकाठी उभी राहून मी लोकांना बुडू नये म्हणून काय करायचं ते शिकवते. फुकट शिकवते. आमच्या बोटिंग क्लबात असे हौशी शिक्षक सात-आठ आहेत. गळ्यात शिट्टी, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, डोक्यावर टोपी. वर्गाला येणाऱ्यांना वाटतं, या बाईचा जन्म पाण्यातच झाला असावा. माझा जन्म सोलापूरचा. बेचाळीस वर्षांची होईपर्यंत मला बादलीपलीकडचं पाणी ठाऊक नव्हतं.

नवऱ्याच्या बँकेने बदली केली आणि आम्ही इथे आलो. मुलगा शिकायला बाहेर गेला, घरात मी आणि भिंती उरलो. एका शेजारणीबरोबर तळ्यावर गेले, पोहायला शिकले, मग वल्हवायला, मग दोरखंडाच्या गाठी मारायला, मग परीक्षा देऊन दुसऱ्यांना शिकवायला. घरी मला कोणी एखादी गोष्ट दोनदा विचारत नाही. तळ्यावर मात्र मी शिट्टी फुंकली की मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब निमूट खाली बसतात. तो रुबाब मला आवडायचा, खोटं कशाला बोलू.

पहिल्या वर्गाचा पहिला प्रश्न ठरलेला आहे. नावेत सगळ्यांत आधी जॅकेट कोणी घालायचं? कोणी म्हणतं लहान मुलांनी, कोणी म्हणतं बायकांनी, एखादा चलाख म्हणतो ज्याला पोहता येत नाही त्याने. मी सगळ्यांचं ऐकून घेते आणि मग सांगते, नाव चालवणाऱ्याने. तोच पाण्यात गेला आणि बुडाला तर बाकीच्यांना काठावर कोण आणणार? लोक माना डोलावतात. इतकं साधं आपल्याला कसं सुचलं नाही, असा चेहरा करतात. हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन ते सांगता येणार नाही.

क्लबाने मध्यंतरी एक चांगलं काम काढलं होतं. तळ्यातल्या हौशी लोकांना शिकवून झालं, आता नदीवर पोट असलेल्या नावाड्यांना शिकवू, असं ठरलं. म्हणून महिन्यातून एका शनिवारी आम्ही दोघं-तिघं लोकलने बजबजला जायचो आणि तिथल्या एका घाटावर वर्ग घ्यायचो. नावाडी येत ते मुख्यतः सामोशांसाठी. पाठीमागे बसून विड्या ओढायचे आणि आम्ही गाठी मारून दाखवल्या की आपसांत हसायचे. त्यांच्या आजोबांना येत असलेल्या गाठी शहरातली बाई पुस्तकात बघून मारते, म्हटल्यावर हसणारच.

एकच माणूस पुढे बसायचा. पन्नाशीचा, काटकुळा, एका कानाने कमी ऐकणारा. इंजिनाशेजारी बसून बसून तो कान गेला होता. त्याची स्वतःची भुटभुटी होती. देशी लाकडी नावेला डिझेलचं इंजिन बसवतात, त्याच्या आवाजावरून इकडे तिला भुटभुटी म्हणतात. पहिल्याच वर्गात त्याने मला विचारलं, ‘दीदी, उन्हाळ्यात हे घालून अंगाची लाही होते. हात नीट वळत नाही. तरी घालायचं?’ मी म्हटलं, तरी घालायचं. तुम्ही घातलंत की लोक घालतील. तुम्ही घातलं नाहीत तर कोणीच घालणार नाही.

त्याने ते ऐकलं. नुसती मान डोलावून सोडून दिलं नाही, खरंच ऐकलं. क्लबाने त्याला एक जुनं जॅकेट दिलं. त्याचा खांद्यापाशी उसवलेला पट्टा त्याने जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने असा शिवला की नव्यापेक्षा मजबूत झाला. पुढच्या महिन्यात गेले तर घाटावरचे बाकीचे नावाडी त्याला कमलालेबू म्हणून हाका मारत होते. कमलालेबू म्हणजे संत्रं. तो हसायचा आणि बकल लावायचा.

मीच त्याच्याकडून जास्त शिकले. वर्ग संपला की तो मला नावेत घेऊन जायचा. भरतीचं पाणी वर चढताना कुठे भोवरा धरतं, ओहोटीला कोणत्या बाजूचा चिखल उघडा पडतो, आणि समुद्राकडून पाण्याची भिंत वर येते, तिला इथे बान म्हणतात, ती यायच्या आधी नदी कशी एकदम गप्प होते. हे त्याने मला दाखवलं. मी वहीत लिहून घ्यायचे. तो म्हणायचा, ‘दीदी, लिहू नका, बघा.’

आता आमच्या गणपतीकडे येते. न्यू टाउनमध्ये मराठी कुटुंबं बरीच आहेत. बहुतेक आयटीतली तरुण जोडपी, थोडे आमच्यासारखे बँकेचे, सरकारी कंपन्यांचे. त्यांतल्या पंधरा-वीस घरांनी मिळून एका सोसायटीच्या हॉलमध्ये पाच दिवसांचा गणपती बसवायला सुरुवात केली. मुलं ‘सुखकर्ता’ म्हणताना मधले शब्द गिळायची, आया एकमेकींना दाणेकूट कुठे चांगलं मिळतं ते सांगायच्या, आणि सगळ्यांवर एक काका होते. सरकारी कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. अथर्वशीर्ष तोंडपाठ, आवाज खणखणीत. ते म्हणतील ती पूर्व दिशा. आधी दोन वर्षं विसर्जन सोसायटीच्या कृत्रिम हौदात झालं होतं. त्या वर्षी काकांनी जाहीर केलं, ‘बाप्पाला वाहत्या पाण्यात निरोप द्यायचा. गंगा दाराशी असताना प्लास्टिकच्या टाकीत कसले बुडवता?’

इकडच्या नदीला हुगळी म्हणा की गंगा, मराठी माणसाला गंगाच ऐकायला बरी वाटते. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळे माझ्याकडे वळले. मी सेफ्टीवाली काकू. नाव, नावाडी, जॅकेटं, सगळं मी बघेन असं परस्पर ठरलं, आणि मला ते गोडच लागलं. मी शहरातल्या गर्दीच्या घाटांऐवजी बजबजचं नाव सुचवलं. तिथला माणूस ओळखीचा आहे, म्हटलं. त्या माणसाला या भानगडीत मी आणलं, दुसऱ्या कोणी नाही.

त्याने एकच अट घातली होती, चौदाच्या वर माणसं नकोत. मी क्लबातून माझ्या सहीने चौदा जॅकेटं आणली. बाकीची मंडळी घाटावर थांबली आणि चौदा जण नावेत चढलो. तो मोजत होता, बोट दाखवून, बंगालीत. त्याने स्वतःचं निळ्या दोऱ्याचं जॅकेट आधीच घातलेलं होतं.

मी गोणी उघडली आणि जॅकेटं वाटायला लागले. तेव्हा काय काय झालं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. कोणी भांडलं नाही. कोणी नाही म्हणालं नाही. एक वहिनी फक्त म्हणाल्या, ‘अगं, पैठणीवर?’ एका तरुणाने नव्या रेशमी कुर्त्याकडे बघून जॅकेट मांडीवर ठेवलं. काका सोवळं नेसून उघड्या अंगाने बसले होते, ते म्हणाले, ‘वहिनी, हे कोणाकोणाच्या घामाचं असेल. पूजेच्या अंगाला कसं लावू? अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे.’ सगळे हसले. मीही हसले. मीही काठाची रेशमी साडी नेसले होते, आणि माझंही जॅकेट अजून माझ्या हातातच होतं.

तेवढ्यात नाव हेलकावली आणि चौरंगावर ठेवलेली मूर्ती डुगडुगली. एकच गलका झाला, सांभाळा, सांभाळा, बाप्पाला हादरे बसतायत. शाडूची मूर्ती ती, सोंडेला तडा गेला तर अपशकुन. काका म्हणाले, ‘ती जॅकेटं आणा इकडे. कशाला तरी कामी येतील.’ एकाने आपलं दिलं, दुसऱ्याने दिलं. चौरंगाखाली, बाजूंनी, पाठीमागे जॅकेटं खोचली गेली. बाप्पा कसा नारिंगी गादीवर बसल्यासारखा दिसायला लागला. फार सुंदर दिसत होता. पहिली दोन-तीन जॅकेटं नीट घडी करून चौरंगाखाली मीच सरकवली होती. घडी कशी घातली की चौरंग हलत नाही ते मला चांगलं कळत होतं. शिक्षक ना मी.

नावाड्याने इंजिन सुरू केलं नाही. तो हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘दीदी, जॅकेट?’ ते हिंदीत किंवा मराठीत सांगायची गरज नव्हती, सगळ्यांना कळलं. तेरा जण माझ्याकडे बघायला लागले. कोणीतरी पुटपुटलं, मुहूर्त टळतोय. माझा नवरा हळूच म्हणाला, ‘आता शाळा नको घेऊस.’

मी त्याला म्हटलं, ‘थाक. चोलुन.’ असू दे, चला.

त्याने इंजिन सुरू केलं.  घाटावरच्या कुठल्याही साहेबाने सांगितलं असतं तर तो हलला नसता, याची मला खात्री आहे. पण सांगणारी मी होते. जॅकेट घालायला शिकवणारी बाईच नको म्हणते आहे, म्हणजे तिला काही कळत असेल, असं त्याला वाटलं असणार.

पावसाळ्याच्या शेवटाची नदी, काठोकाठ भरलेली, मातकट. मध्यावर गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि ओरडून सांगितलं, सगळे खाली बसा, दोघांनीच मूर्ती सोडायची. मी ते मराठीत सांगितलं. सगळे बसले. काका आणि एक तरुण मूर्ती चौरंगावरून पाटावर घेऊन, पाट धरून कडेला सरकले. आरती झाली. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे होतं.

मग मूर्ती पाण्याला टेकली आणि आम्ही म्हणालो, पुढच्या वर्षी लवकर या.

हे वाक्य म्हणताना मराठी माणूस खाली बसून राहू शकत नाही. मला ते आधी कळायला हवं होतं. चौदाच्या चौदा जण उठलो. कोणी मोबाइल घेऊन, कोणी अक्षता घेऊन, कोणी नुसता हात लांब करून, शेवटचा स्पर्श व्हावा म्हणून. सगळे एकाच बाजूला. मी शिकवते की नावेत उभं राहायचं नाही, उठावंच लागलं तर एकाने उठायचं, वजन मध्यावर आणि खाली ठेवायचं. माझ्या हातात दह्याची वाटी होती. बाप्पाच्या हातावर दही घालायचं राहिलं होतं, आमच्या घरी ते कधी चुकलं नाही. मी वाटी घेऊन दोघांच्या मधून वाकले. पाठीमागून नावाडी बंगालीत ओरडत होता ते मला ऐकू येत होतं, समजतही होतं. मी मनात म्हटलं, हो, हो, एवढं दही घालते.

नाव कलली, पाणी आत आलं, आणि काका पाटाबरोबर डोक्यावर पाण्यात पडले.

बायका किंचाळल्या, सगळे दुसऱ्या बाजूला कोसळले म्हणून नाव उलटायची वाचली. नावाड्याने सुकाणू सोडून उडी मारली होती. जॅकेटमुळे तो वर तरंगत होता, काकांना त्याने पाठीमागून काखेत धरलं, आणि प्रवाह दोघांना खाली घेऊन चालला. मी वर्गात जशी पकड दाखवते, तशीच त्याची पकड होती. त्यांच्या आजूबाजूने पाच-सहा नारिंगी जॅकेटं तरंगत चालली होती, आत कोणी नसलेली. बरंच खाली मासेमारांच्या एका होडीने त्या दोघांना उचललं, आणि आमची नाव घाटावरून आलेल्या दुसऱ्या भुटभुटीने ओढून काठाला लावली.

काका आठ दिवस इस्पितळात होते. फुप्फुसात पाणी गेलं होतं, वर न्यूमोनिया झाला. पण वाचले. मी भेटायला गेले तेव्हा उशाशी टेकून बसले होते, आवाज जरा बारीक झाला होता. मला म्हणाले, ‘वहिनी, साक्षात बाप्पाने हात दिला. मला जाणवला तो हात.’

मी म्हटलं, ‘काका, तो हात नावाड्याचा होता.’

त्यांनी उशी नीट केली. मग म्हणाले, ‘म्हणजे तो जॅकेटवाला? हो, त्याने स्वतः बरं आठवणीने घातलं होतं.’

मला तेव्हाच कळायला हवं होतं की वारं कुठे वाहतंय. आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो फिरत होते. निघतानाचा फोटो तर फार देखणा आला होता, सगळे हसतमुख, रेशमी, मध्ये बाप्पा, आणि पाठीमागे सुकाणूवर एकटा नावाडी नारिंगी जॅकेटात. काकांचा मुलगा परदेशातून फोन करून विचारत होता, जबाबदार कोण? त्याने तो फोटो मोठा करून, नावाड्याभोवती लाल गोल काढून परत ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, बघा, स्वतःची काळजी बरोबर घेतली आहे. त्याखाली हात जोडलेले, संतापलेले, सगळे चेहरे येऊन पडले. दोन दिवसांत आमच्या मंडळींचं एकमत झालं. वाचवलं बाप्पाने, बुडवलं नावाड्याने.

घाटाच्या कचेरीतून चौकशी सुरू झाली आणि क्लबाकडे अहवाल मागितला गेला, कारण जॅकेटं क्लबाची आणि प्रशिक्षित माणूस म्हणून नावेत मी. क्लबाचे सचिव अतिशय सुसंस्कृत बंगाली गृहस्थ आहेत. त्यांनी मला चहा पाजला, संदेशची मिठाई खाऊ घातली, आणि म्हणाले, ‘मॅडम, कोणाला दोष द्यायचा नाही. फक्त घडलं ते लिहा. क्लबाने जॅकेटं दिली होती, एवढं स्पष्ट यायला हवं.’ त्याच आठवड्यात आमच्याकडे, आमच्या फ्लॅटवर, मंडळींची बैठक झाली. उरलेले मोदक गरम करून मीच दिले. ज्याच्या मांडीवर जॅकेट होतं तो तरुण म्हणाला, ‘काकू, पोलिसांत गेलं तर आम्हा आयोजकांची नावं येतील. माझं पुढच्या महिन्यात व्हिसाचं आहे.’ पैठणीवाल्या वहिनी रडल्या. सगळे गेल्यावर नवरा म्हणाला, ‘आपल्याला याच लोकांत राहायचं आहे. आणि नीट विचार कर, तो दोषी नसेल तर कोण दोषी निघेल? नावेत सेफ्टीचं काम कोणाकडे होतं?’

त्याने बरोबर बोट ठेवलं. मला कोणी धमकावलं नाही, कोणी विकत घेतलं नाही. मला माझी शिट्टी हवी होती, एवढंच.

अहवाल मी एका दुपारी लिहिला. एक पान. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘नौकाचालकाने स्वतः लाइफ जॅकेट परिधान केले होते, मात्र प्रवाशांनी जॅकेट घातले नसतानाही त्याने नौका पुढे नेली.’ या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते तीन वेळा तपासलं. चौरंगाचा उल्लेख करायचं कारण नव्हतं. ‘थाक, चोलुन’ कोण म्हणालं ते कोणी विचारलं नव्हतं. सचिव वाचून म्हणाले, ‘फार संयमित लिहिता तुम्ही.’

बजबजचे वर्ग काही महिने बंद ठेवले होते. पुन्हा सुरू झाले तेव्हा मी गेले. नावाडी पाठीमागे नेहमीसारखे बसले होते, पुढची जागा रिकामी होती. मी त्याच्याबद्दल विचारलं. सामोसे घेताना एक म्हातारा नावाडी म्हणाला, त्याचा प्रवासी नेण्याचा परवाना गेला, नाव विकली, आता तागाच्या गिरणीत गाठी उचलतो. आणि मग माझ्या अंगातल्या जॅकेटकडे बघून म्हणाला, ‘आता इथे हे कोणी घालणार नाही, दीदी. घातलं की त्याचाच पुरावा होतो.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. हवामान सांगावं तसं त्याने सांगितलं.

मी त्या भुटभुटीवाल्याचं घर शोधत गेले. रेल्वेच्या रुळांपलीकडे गिरणीच्या चाळी आहेत, त्यांच्या मागे. तो नुकताच पाळी संपवून आला होता, केसांत तागाचे तंतू अडकलेले. त्याने मला खुर्ची दिली आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी शिव्या ऐकायच्या तयारीने गेले होते. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं, हेही मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, मी पुन्हा पत्र लिहीन. सगळं लिहीन, कोण काय म्हणालं ते.

त्याने चांगला कान माझ्याकडे केला होता. म्हणाला, ‘कचेरीतल्या बाबूने मला तुमचा कागद वाचून दाखवला होता, दीदी. आपनि तो मिथ्ये लेखेननि.’ तुम्ही खोटं कुठे लिहिलंत.

बायकोने चहा आणला, तो आम्ही घेतला. मग तो आत गेला आणि ते जॅकेट घेऊन आला. धुतलेलं होतं, बकल चमकत होतं, खांद्यावर निळा दोरा तसाच. म्हणाला, हे क्लबाचं आहे, घेऊन जा. मी म्हटलं, राहू दे तुमच्याकडे. तो म्हणाला, ‘नको. घरात सापडलं तर हेही मी चोरलं म्हणतील.’ त्याला माझा अपमान करायचा नव्हता. खरोखरच तशी भीती वाटत होती त्याला. एवढा एक कागद वाचून दाखवल्यावर माणसाला कागदाची भीती बसते.

परतीच्या लोकलमध्ये ते जॅकेट मांडीवर घेऊन मी बसले आणि रडले नाही. मला माझाच इतका संताप आला होता की रडू येईना. समोरच्या बाईने विचारलं, कुठे बोटिंगला गेला होतात का? मी हो म्हटलं.

ते दुसरं पत्र मी लिहिलं. चौरंग, दही, थाक, चोलुन, सगळं त्यात आहे. सचिवांना दाखवलं, तर ते म्हणाले, आता प्रकरण मिटलं आहे, आपल्या वर्गांना वरून नुकतीच मान्यता मिळते आहे, जरा थांबू या. मी थांबले. पत्र कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे. त्या रेशमी साडीच्या खाली, असं म्हटलं तर लोकांना वाटेल मी मुद्दाम ठेवलं. तसं नाही, तिथे जागा होती. पत्रावर तारीख घालायची ठेवली आहे, म्हणजे कधीही देता येईल, असं मी स्वतःला सांगते. नवऱ्याला ते माहीत आहे. तो त्याबद्दल विचारत नाही, त्या बाबतीत तो फार समजूतदार आहे.

यंदाचा गणपती पुन्हा हौदात गेला. काकांनीच सुचवलं, पर्यावरणासाठी. मी दही घेऊन उभी होते. हौदाच्या कठड्याला लोखंडी जाळी लावली आहे, तिच्यातून हात घालून दही घालावं लागलं.

आणि माझे रविवार चालू आहेत. गेल्या रविवारी न्यू टाउनच्या एका कंपनीची मंडळी आली होती, वीसेक तरुण पोरं-पोरी, त्यांत दोघं मराठी. क्लबातली बाकीची जॅकेटं नवी आली आहेत, चकचकीत, पण दाखवायला मी जुनंच घेते, निळ्या दोऱ्याचं. त्याचा पट्टा अजून कोणत्याही नव्यापेक्षा घट्ट बसतो. मी विचारलं, नावेत सगळ्यांत आधी जॅकेट कोणी घालायचं? कोणी म्हणालं लहान मुलांनी, कोणी म्हणालं बायकांनी. मग त्या मराठी मुलांतली मुलगी मागून म्हणाली, ‘काकू, जो नाव चालवतो त्याने ना?’

तिला कोणी सांगितलं कोण जाणे. सगळे माझ्याकडे बघत होते, बरोबर की चूक ते ऐकायला. मी त्याचं जॅकेट अंगात चढवलं, बकल लावलं, आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं.